ताईचा फ्लॅट आणि दिराचा फोन

प्रश्न : माझी थोरली बहीण लग्नानंतर दीड वर्षातच विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा कधी फिरकले नाहीत. वडिलांनी तिला डी.एड. केलं. तिनं २७ वर्षं शाळेत नोकरी केली, स्वतःच्या पगारातून मिरजेत वन बीएचके घेतला. आई तिच्याकडेच असायची. गेल्या वर्षी ताई कॅन्सरने गेली. मृत्युपत्र केलेलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दिराचा फोन आला, ‘फ्लॅट आमच्याकडे येतो, वकिलांना विचारलंय.’ सासू-सासरे हयात नाहीत. एक दीर आणि एक नणंद आहे. शिवाय वडिलांच्या पश्चात जमिनीच्या सातबाऱ्यावर ताईचंही नाव लागलं होतं. हा कसला कायदा? तुम्हाला तरी तो न्याय्य वाटतो का?

उत्तर : नाही वाटत. पण माझ्या वाटण्यानं फ्लॅट वाचणार नाही, म्हणून आधी कडू गोष्ट सांगते. दिराच्या वकिलानं त्याला चुकीचं सांगितलेलं नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्याच्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू बाईची मिळकत आधी नवरा आणि मुलांना जाते. ते कुणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. आई-वडिलांचा नंबर त्यानंतरचा. तुमच्या घरात याचा अर्थ असा, की दीर आणि नणंद दोघं सारख्या वाट्याचे वारस. (नणंदेचं नाव दिरानं फोनवर घेतलं नसणार. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) आता हेच उलटं करून बघा. ताईच्या जागी तुम्ही, तिचा भाऊ, असता, तर आई तुमची पहिल्या वर्गाची, म्हणजे सगळ्यांत आधी हक्क असलेली, वारस ठरली असती. आई तीच, लेकरू मुलगा की मुलगी एवढाच फरक.

तुमच्यासारखंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण, निकाल २००९ चा. नारायणीदेवीचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करता वारली. तिची सगळी कमाई नणंदेच्या मुलांना गेली. कायद्याचे शब्द स्पष्ट असताना सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

माझा आक्षेप कुठे आहे, तेही सांगते. ‘सासरची इस्टेट सासरीच राहावी’ हा विचार मला समजतो. पण त्यासाठी याच कलमात वेगळी सोय आहे : निपुत्रिक बाईला नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारसानं आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आणि आई-वडिलांकडून वारसानं आलेली वडिलांच्या वारसांकडे. मग जे तिनं खडू हातात धरून कमावलं, ते सासरी का जावं? १९५६ साली बाईची स्वतःची कमाई हा प्रकार फारसा कुणाच्या डोळ्यांसमोर नसेल. पण २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देताना हे कलम तसंच ठेवलं, त्याला मी माफ करत नाही. विधी आयोगानं २००८ मध्ये, २०७ व्या अहवालात, निपुत्रिक बाईच्या स्वकष्टार्जित मिळकतीत सासर-माहेर दोघांना वाटा सुचवला होता. कायदा बदलला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१२ मध्ये ही तरतूद भेदभावाची ठरवली, पण त्याच न्यायालयाच्या खंडपीठाचं (एकापेक्षा जास्त न्यायमूर्तींचं, म्हणून जास्त वजनाचं) जुनं मत उलट असल्यानं त्या निकालाच्या भरवशावर मी तुम्हाला दावा लावायला सांगणार नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. जमिनीला कुणी हात लावू शकत नाही. तो हिस्सा वडिलांकडून वारसानं आलेला, म्हणून तो वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे आई आणि तुमच्याकडे परत येतो. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज या आठवड्यातच द्या. दिरानं ‘सगळं एकदमच मिटवू’ म्हणून कुठल्याही कागदावर सही मागितली, तर करू नका.

एलआयसीची पॉलिसी असेल आणि आई नॉमिनी असेल, तर ते पैसे आईचेच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असली की रक्कम त्यांच्या मालकीची होते. नॉमिनी तुम्ही, म्हणजे भाऊ असाल, तर हा फायदा नाही. बँकेतल्या ठेवीचं आणि सोसायटीतल्या नॉमिनेशनचं तसं नाही. तिथे नॉमिनी फक्त सांभाळणारा. सोसायटी आईला तात्पुरती सभासद करून घेईल, पण मालकी वारसांची.

आणि ताईचं कपाट पुन्हा एकदा नीट बघा. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. वहीच्या पानावर लिहून सही केलेली असेल आणि दोन साक्षीदारांनी तिच्यादेखत सही केली असेल तरी ते चालतं. आजारपणात तिनं शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीला काही लिहून दिलं होतं का, विचारा. मात्र आता मागची तारीख घालून काही ‘तयार’ करायचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाला चहासुद्धा पाजू नका. अशा कागदापायी फौजदारी अंगावर येते. (मी स्वतः वकिलीची बावीस वर्षं झाल्यावर मृत्युपत्र केलं, तेव्हा ताईला नावं ठेवत नाही.)

यातलं काहीच निघालं नाही, तर उरते मध्यस्थी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाच्या वैधतेचा प्रश्न खुला ठेवला, बायकांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं आणि माहेरच्यांनी अशा मिळकतीवर हक्क सांगितला तर दाव्याआधी मध्यस्थी करावी असं सांगितलं. त्यासाठी सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. टेबलावर तुमच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत. दवाखान्याची बिलं आणि घरकर्जाचे हप्ते तुम्ही भरले असतील, तर त्या पावत्या; वारसांना मिळकतीबरोबर देणंही घ्यावं लागतं. आणि दुसरी म्हणजे नणंद. तिला एकदा फोन करा, आईलाच करू द्या. अर्ध्या फ्लॅटची मालकीण आपण आहोत हे तिला कदाचित अजून कुणी सांगितलेलंच नसेल, आणि आई जिवंत असेपर्यंत त्या घरात राहू दे, असं म्हणणारी ती निघाली, तर दिराला एकट्यानं फ्लॅट विकता येणार नाही.

येताना पॉलिसीचा बाँड, सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म, फ्लॅटचं खरेदीखत आणि सातबारा-फेरफार घेऊन या. पावत्या तारखेप्रमाणे लावून आणल्यात तर माझा अर्धा दिवस वाचेल.