मजेसाठी वाचायला पुढचं चांगलं पुस्तक कसं शोधावं?

एक पुस्तक संपलं, आता पुढचं कोणतं, हा प्रश्न पडला की 'वाचलीच पाहिजेत' छापाच्या याद्या आधी बाजूला ठेवा. त्यातली निम्मी पुस्तकं कपाटात मिरवायचीच असतात.

हातातून सुटेना असं शेवटचं पुस्तक आठवा आणि का सुटेना ते बघा. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपाल बाईंनी पुस्तकात शिरायचे चार दरवाजे सांगितलेत: कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. समजा, खुनाची गोष्ट आवडली, पण खुनी कोण हे आज आठवतही नाही. आठवतो तो चिडका, एकटा राहणारा इन्स्पेक्टर. मग तुमचा दरवाजा पात्रांचा. पुढचं पुस्तक रहस्यकथाच हवं असं मुळीच नाही, एखादं खमंग आत्मचरित्रही चालून जाईल. ग्रंथालयात 'काहीतरी चांगलं द्या' म्हणण्याऐवजी हे असं सांगा, समोरच्यालाही सुचवायला हुरूप येतो.

मलपृष्ठावरच्या कौतुकावर जाऊ नका. मधलंच एखादं पान उघडून संवाद वाचा. लेखकाचा हात तिथे कळतो.

नाहीच जमलं तर बिनधास्त सोडा. पर्लबाईंचाच हिशोब आहे: 50 पानं द्यायची, वय 50च्या पुढे असेल तर 100मधून वय वजा करून उरतील तेवढीच. म्हणजे 70 वर्षांच्या आजोबांनी 30 पानांत पुस्तक मिटलं तरी कुणी काही बोलायचं नाही. सोडलेलं पुस्तक वर्षभराने पुन्हा उघडायला मात्र हरकत नाही, कधी कधी आपलाच मूड नसतो.