गाय गाभडली आणि घरात ताप आला
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं)

प्रश्न: आमच्याकडे चार संकरित गाई आहेत, दूध डेअरीला जातं. जानेवारीत एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना म्हणून आमच्या मालकांनी हात घालून काढली. महिन्याभराने त्यांना ताप सुरू झाला. सकाळी बरे असतात, संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामाने बनियन पिळावं लागतं. टायफॉइड म्हणून दोनदा औषध झालं. कंबर अशी धरलीय की धारेला बसवत नाही. गाईचा आणि या तापाचा काही संबंध असेल का? शेजारी म्हणतात, जनावराचं दुखणं माणसाला येत नसतं.
(एक वाचक भगिनी, तालुका संगमनेर)

उत्तर: ताई, संबंध असू शकतो. तुमचं पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहायला बसले. कारण तुम्ही जे मला लिहिलंत, ते डॉक्टरांना सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही त्यांच्यापुढे ताप मांडलात, गोठा मांडला नाहीत.

या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. गुरांच्या दवाखान्यात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय बाहेरून धडधाकट असते, चारा खाते, दूध देते आणि सहाव्या-सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते. वार, म्हणजे वासरामागून पडणारं गर्भाचं आवरण, अडकते. गाभडलेलं वासरू, वार आणि नंतर काही आठवडे जाणारा स्राव, यांत कोट्यवधी जंतू असतात. गाईच्या गर्भाशयात एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते, ती या जंतूला फार मानवते. म्हणून तो तिथेच घर करतो. माणसाला बाधायला मात्र थोडेसेच पुरतात, अगदी दहा ते शंभर. हाताला चरा पडलेला असेल तर तिथून, वार ओढताना तोंडावर शिंतोडा आला तर डोळ्यातून, नाहीतर श्वासातून ते शिरतात.

संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कंबर, सांधे, आणि पुरुषांत कधीकधी अंडाला सूज, अशी याची चाल. टायफॉइडसारखी दिसते. कंबर फार दुखली तर मणक्याचा टीबी वाटतो. डॉक्टरांची यात चूक असतेच असं नाही. तापाच्या पेशंटला 'तुमची गाय कधी गाभडली?' असं कोण विचारतं? म्हणून आपणच सांगायचं. उद्या जाल तेव्हा दोन वाक्यं आधी बोला: घरात गाय गाभडली, आणि वार यांनी उघड्या हाताने काढली. ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. रक्त कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून पाहायला, पाठवणार असतील तर लॅबला ब्रुसेलाचा संशय आहे हे आधी कळवायला सांगा. हा जंतू सावकाश वाढतो, आणि हाताळणाऱ्या माणसालाही त्याचा धोका असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात माझी बत्तीस वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात मी एका प्रयोगशाळेत होते. जंतू हवेत पसरू नयेत म्हणून ज्यात काम करायचं, ते तिथलं संरक्षक कॅबिनेट कित्येक महिने बंद पडलेलं. आम्ही गाभडलेल्या वासरांच्या पोटातलं पाणी उघड्या टेबलावर कल्चरला लावायचो. त्या पावसाळ्यात मला ताप धरला. रात्री दोनदा चादर बदलायची. आई उशाशी बसून असायची. तीन आठवडे टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. मी स्वतः रोज ब्रुसेलाची तपासणी करणारी, पण मलाही स्वतःवर संशय आला नाही. शेवटी सहकाऱ्याने माझं रक्त काढलं, त्यातला वरचा स्वच्छ सीरम घेतला आणि रोज बंगालची चाचणी लावली. पांढऱ्या टाइलवर सीरमचा एक थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा, म्हणजे रंगवलेल्या मेलेल्या ब्रुसेला जंतूंच्या द्रवाचा, एक थेंब. काडीने दोन्ही मिसळायचे आणि टाइल हातात धरून चार मिनिटं हलक्या हाताने डुलवायची. दूषित नसेल तर गुलाबी थेंब सारखा, एकसंध राहतो. माझा दुसऱ्याच मिनिटाला फाटला. कडेला बारीक रव्यासारखे कण जमले. गाईंच्या रक्तात हजारदा पाहिलेला तो रवा माझ्या स्वतःच्या रक्तात पाहताना हात थरथरला होता.

औषध आहे, ताई. दोन प्रतिजैविकं एकत्र, किमान सहा आठवडे. बहुतेकदा डॉक्सिसायक्लिनबरोबर रिफॅम्पिसिन देतात, पण कोणतं आणि किती ते डॉक्टरच ठरवतील. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो आणि माणूस गोळ्या सोडतो. तसं करू देऊ नका. जंतू पेशींच्या आत दडून बसतो, अर्ध्यावर सोडलं की परत उलटतो. डबा संपेपर्यंत तुम्ही स्वतः उभं राहून गोळ्या द्या.

आता गाय. गुरांच्या डॉक्टरांना बोलावून चारही गाईंचं रक्त तपासा. जी गाभडली ती पुढच्या वेळी बहुधा नीट विते, आणि खरा घोटाळा इथेच होतो. मालकाला वाटतं, बरी झाली. पण जंतू आचळाच्या वरच्या गाठींत आणि कासेत राहतो, दुधातून आणि व्यायच्या वेळी बाहेर पडत राहतो. गाईला यावर खात्रीचं औषध नाही. काही देशांनी अशी जनावरं कापून हा रोग हटवला. आपल्याकडे गाईबाबत तो मार्ग नाही. म्हणून तिला वेगळं बांधा, तिच्या व्यायची जागा वेगळी ठेवा. आणि हात जोडून सांगते, बाजारात नेऊन दुसऱ्याच्या दावणीला बांधू नका. चाळीस-पन्नास हजारांची गाय घरात ठेवून घेणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते.

गोठ्यात तरणी कालवड असेल तर चार ते आठ महिने वयात तिला लस द्या, आयुष्यात एकदाच. 2019 पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे, गाईंच्या कालवडींना आणि म्हशींच्या पारड्यांनाही. वळूला किंवा गाभण जनावराला देत नाहीत. ती जिवंत लस आहे, म्हणून टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालायचा. सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टरकडे जायचं. टोचलेल्या कालवडीची कानातल्या बारा अंकी बिल्ल्यासह नोंद करून घ्या, कारण लसीमुळेही पुढे काही काळ रक्ततपासणी दूषित दाखवते. ही लस जिच्यापासून बनली तो जंतू 1923 मध्ये अमेरिकेत एका जर्सी गाईच्या दुधात सापडला होता. तो एका नळीत वर्षभराहून अधिक काळ साध्या खोलीत पडून राहिला आणि त्याची रोग करण्याची धार गेली. जगभरच्या कालवडी त्या विसरलेल्या नळीच्या ऋणात आहेत.

वार आणि गाभडलेलं वासरू तुम्ही कुठे टाकलंत ते लिहिलं नाहीत. उकिरड्यावर टाकलं असेल तर कुत्र्यांनी ओढून चार घरांत नेलं असेल. विहिरीपासून दूर, कमरेइतका खड्डा, वर चुना, मग माती. खालचं ओलं भुस्कट गोळा करून जाळा. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि ऊन येऊ द्या. उन्हात हा जंतू काही तासांत मरतो, पण ओलसर सावलीत आणि शेणात महिनोनमहिने टिकतो. घरात गरोदर सूनबाई असतील तर त्यांना त्या गोठ्यात पाठवू नका. आणि वार अडकली तर पुढच्या वेळी हात घालायचाच नाही. कोपरापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे गुरांच्या डॉक्टरांकडे मिळतात, पण ते घालूनही काम त्यांनीच करावं.

शेजाऱ्यांना सांगा, हा वाद शंभर वर्षांपूर्वीच मिटला आहे. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू पाहिला. पण तो येतो कुठून ते कळेना. 1905 मध्ये तिथलाच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट याने धट्ट्याकट्ट्या शेळ्यांचं रक्त तपासलं, आणि जंतू त्यांच्यातच निघाला. लष्कराने शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांतला ताप झपाट्याने ओसरला. गाईच्या गर्भपाताचा जंतू बर्नहार्ड बँग याने डेन्मार्कमध्ये 1897 लाच शोधला होता. माल्टाचा आणि गाईचा हे दोघे सख्खे भाऊ आहेत, हे 1918 मध्ये ॲलिस इव्हान्स या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईने दाखवलं. कच्चं दूध धोक्याचं आहे असं ती म्हणाली तेव्हा तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. डॉक्टरेट नसलेली एक बाई, तिचं काय ऐकायचं! पुढे तिलाच प्रयोगशाळेत हा ताप लागला आणि कित्येक वर्षं पुरला. मी आजारी असताना तिच्याबद्दल वाचलं होतं. आजही वाईट वाटतं.

प्रश्न: आम्ही गावाकडून गाईचं ताजं दूध मागवतो. उकळल्याने त्यातलं सगळं सत्त्व जातं, कच्चंच प्यावं, असं व्यायामशाळेतले मित्र सांगतात. खरं आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही. उकळल्याने प्रथिनं आणि कॅल्शियम जवळपास तसंच राहतं. काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, ती एका पेरूने भरून निघतात. डेअरीत दूध 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर 30 मिनिटं तापवतात, तेवढ्याने ब्रुसेला मरतो. घरी थर्मामीटर नसतो, म्हणून एक उकळी येऊ द्या. गाय समोर बांधलेली आहे, स्वच्छ आहे, प्रेमाने पाळलेली आहे, यातून तिच्या कासेत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. वरच्या पत्रातल्या गाईही तशाच असतील.

प्रश्न: मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. गटारातल्या पाण्यात रोगजंतू शोधतात असं सरांनी सांगितलं. आजारी माणूस तपासायचं सोडून घाण पाणी तपासून काय मिळतं?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: चांगला प्रश्न विचारलास. पोलिओचा विषाणू शिरलेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीची हसत-खेळत असतात आणि विष्ठेवाटे विषाणू सोडत राहतात. दवाखान्यात बसून त्यांची वाट पाहिली तर ती कधीच दिसणार नाहीत. म्हणून मुंबईत 2001 पासून सांडपाण्याचे नमुने घेऊन पोलिओ शोधायला सुरुवात झाली. परळच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्राने हे काम केलं. एक भांडंभर पाणी म्हणजे हजारो घरांची एकत्र तपासणी. लुळं मूल दिसण्याआधीच कोणत्या वस्तीत डोस वाढवायचे ते कळायचं. भारतातला निसर्गातल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, त्यानंतरही गटारांवर पाळत सुरू राहिली.

आम्ही गावात नेमकं हेच दुधाच्या कॅनवर करायचो. संकलन केंद्रात सकाळी सहाला जाऊन प्रत्येक कॅनमधून मिलिलिटरभर दूध बारीक नळीत घ्यायचं, निळा अँटिजेन थेंबभर घालून तासभर उबेला ठेवायचं. तासाने वर साय आलेली असते. साय पांढरी आणि खालचं दूध निळसर राहिलं तर कॅन ठीक. साय निळी होऊन वर कडं धरून बसली आणि खालचं दूध पांढरं पडलं, तर त्या कॅनला दूध घालणाऱ्या घरांपैकी कुठेतरी ब्रुसेला झालेली एक गाय आहे. मग एकेका घरी जाऊन रक्त घ्यायचं. तुझ्या सरांना सांगून कॉलेजात एकदा ही चाचणी लावून पाहा. निळं कडं वर चढताना एकदा पाहिलंस की विसरणार नाहीस.

प्रश्न: गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करून आम्ही शेजारी वाटतो. कच्च्या दुधातल्या जंतूंबद्दलचं तुमचं मागच्या अंकातलं लिखाण वाचून सासूबाईंना भीती वाटते. खरवस बंद करावा का?
(एक वाचक भगिनी, तालुका वाळवा)

उत्तर: मुळीच बंद करू नका. इडलीपात्रात नाहीतर कुकरमध्ये शिट्टी न लावता वीस-पंचवीस मिनिटं वाफवला, मध्ये सुरी खुपसून ती कोरडी बाहेर आली, की जंतू उरत नाही. जपायचं ते त्याआधी. कच्चा चीक गाळताना मुलं बोट बुडवून चाटतात, ते थांबवा. चीक गाळलेलं फडकं, गाळणी आणि हात गरम पाण्याने, साबणाने धुवा. गाय वेळेआधी व्यालेली किंवा तिची वार अडकलेली असेल, तर त्या वेळचा चीक माणसांनी हाताळू नये. आणि गुरांचे डॉक्टर येईपर्यंत तिच्याजवळ मुलांना जाऊ देऊ नका. बाकी वेलदोडा, गूळ आणि जायफळ सासूबाई घालत असतील तसंच घाला.