"माझ्या नावावर तर कायबी नाही"

"घर आमच्या मालकांच्या म्हणजे नवऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्यांच्या. मग बँक मला कर्ज कशाला देईल?" छोट्या धंद्यांना सल्ला देताना बायकांकडून हा प्रश्न मी सारखा ऐकतो.

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एक ताई तोच घेऊन आल्या. वीस वर्षं त्या चपलांच्या वेण्या घालतात. या धंद्यात ते काम बहुतेक बायकांकडेच असतं. नवी कोल्हापुरी आठवडाभर चावते, हे आपण चालवून घेतो. यांनी नाही घेतलं. पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून मऊ कातड्याचं अस्तर लावलं. पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी यायला लागल्या. शिलाई मशीन आणि कातड्यासाठी 2 लाख हवे होते. बँकेत पहिलाच सवाल: "मालक कुठं आहेत?"

मला तारणाची काळजी नव्हती. छोट्या धंद्यांच्या कर्जाची सरकारी मुद्रा योजना 2015 पासून आहे, तिच्यात तारण लागत नाही. 50 हजार ते 5 लाखांचं कर्ज 'किशोर' गटात बसतं. घोडं अडलं होतं भलतीकडेच. ऑर्डरी ताईंच्या, पैसे मालकांच्या खात्यावर. कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत कुटुंबातल्या एकाचीच नोंदणी होते, ती मालकांनी आधीच केलेली. वीस वर्षं राबलेल्या बाईचा कागदावर मागमूस नाही!

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आम्ही ताईंच्या नावाने आधारवर केली. ती फुकट असते. एजंट त्यांच्याकडे हजार रुपये मागत होता. मग चालू खातं आणि त्या खात्याचा क्यूआर.

इथं मालक बिथरले. "बायको वेगळी निघाली व्हय?" मी समजूत काढत बसलो नाही. ताईंची वही पुढे केली: भांडवलाअभावी नाकारलेल्या 43 जोडांच्या ऑर्डरी. ते बराच वेळ वही बघत बसले. दुसऱ्या दिवशी दारावरचा स्वतःचा क्यूआर त्यांनीच खरवडून काढला.

सहा महिने सगळा पैसा ताईंच्या खात्यावर फिरला. अर्जात 'नावीन्यपूर्ण उत्पादन' वगैरे मी लिहू दिलं नाही, असले शब्द साहेब रोज वाचतात. त्याऐवजी दुसरा जोड मागवणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी जोडली, मशीनचं कोटेशन जोडलं आणि दुसऱ्या शाखेत गेलो.

दीड लाख मंजूर झाले. कातडं कमी करायचं नव्हतं, म्हणून ताईंनी मशीन जुनं घेतलं. परवा फोनवर म्हणाल्या, "चालतंय बरं, पण चपलेपेक्षा त्येच जास्त करकरतंय."