केकवरचे रंगीत दाणे: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी घरून केकच्या ऑर्डर घेते. रात्री व्हिप क्रीमवर रंगीत वर्मिसेली (साखरेचे बारीक दाणे) लावून केक फ्रीजमध्ये ठेवला, तर सकाळी प्रत्येक दाण्याभोवती लाल-निळे डाग. माल खराब होता का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: माल बहुधा चांगलाच होता, लावायची वेळ चुकली. वर्मिसेली म्हणजे मुख्यतः साखर, थोडा स्टार्च, जरासं वनस्पती तेल आणि बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारा रंग. व्हिप क्रीममध्ये पाणी भरपूर. साखर ते ओढून घेते आणि रंग मोकळा होतो. खसखशीएवढे गोल दाणे सर्वांत आधी रंग सोडतात, लांबट काड्या त्यामानाने तग धरतात. बटरक्रीम किंवा गनाशमध्ये (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) पाणी कमी, तिथे आधी लावलेलेही बऱ्यापैकी निभावतात.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. आपल्याकडे जुलैत हवाच ओली. गार केक उघडा बाहेर काढला की त्याला घाम फुटतो आणि फाँडंटही (केकवर पसरायचं साखरेचं मऊ आवरण) चिकट होतं. म्हणून केक खोक्यासकट बाहेर काढा आणि खोकं लगेच उघडू नका. पाणी खोक्यावर धरेल, केकवर नाही. मात्र व्हिप क्रीमचा केक फार वेळ बाहेर विसरायचा नाही.

व्हिप क्रीमच्या ऑर्डरसोबत मी तर दाण्यांची वेगळी पुडीच देते. कापायच्या आधी घरातलं पोरगं भुरभुरवतं, फोटोही झकास येतो.

प्रश्न: केकच्या पिठात दाणे घातले, तर आतून सगळा केक मळकट हिरवा निघाला. (कळवा)

उत्तर: फेटलंत ना? लांबट दाणे घ्या, अगदी शेवटी घाला, उलथन्याने दोन-तीनदा हलकं वरखाली करा आणि लगेच ओव्हनमध्ये. बिटाच्या रंगाचे दाणे मात्र इथे वापरू नका, उष्णतेने तो फिका पडतो.

प्रश्न: आमचे बरेच ग्राहक जैन आहेत. हिरवा ठिपका पाहून शुगर बॉल घेतले की झालं ना? (वाशी)

उत्तर: पूर्ण नाही. चकाकीसाठी अशा गोळ्यांवर बऱ्याचदा शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्याच्या स्रावापासून केलेला थर असतो. आपल्या लेबलिंगच्या नियमात शेलॅक मांसाहारी धरत नाहीत, त्यामुळे हिरव्या ठिपक्याच्या पाकिटातही तो असू शकतो. घटकांच्या यादीत ‘शेलॅक’ किंवा ९०४ हा आकडा शोधा आणि सापडला तर ग्राहकाला स्पष्ट सांगा, निर्णय त्यांचा. मार्शमॅलोमध्ये जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं का, तेही बघा. मांसाहारी खूण आता चौकटीत तपकिरी त्रिकोण अशी असते.

प्रश्न: बाजारात सुटं ग्लिटर स्वस्त मिळतं. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय, चालेल? (ऐरोली)

उत्तर: नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्याचं नव्हे, हस्तकलेच्या ग्लिटरवरही ते लिहिलेलं असतं. घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक नसेल, तर ते राखीपुरतं ठेवा.

प्रश्न: नातवाचं बोरन्हाण आहे. केकवर रंगीत दाण्यांऐवजी काटेरी हलवा लावला तर? (नेरूळ)

उत्तर: काकू, जरूर लावा! दुकानातल्या गोल शुगर बॉलची आणि हलव्याची रीत मुळात एकच: मधल्या दाण्यावर पाकाचे पातळ थर चढवत, सुकवत जायचं. कारखान्यात ते फिरत्या ड्रममध्ये होतं. आपण परातीत तीळ किंवा साबुदाणे घेऊन मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडत हाताने फिरवत बसतो. पांढऱ्या हलव्यात रंग नाही, म्हणजे डागांची धास्ती नाही. पण ओल्या क्रीमवर काटे विरघळून नुसता गोळा उरतो, तेव्हा बटरक्रीमवर आणि औक्षणाच्या वेळीच लावा. मुकुट-बाजूबंदाच्या दागिन्यांतला हलवा काढून लावू नका, त्यात दोरा आणि तार असते.

आणि नातू लहान असेल तर त्याच्या तुकड्यावरचे दाणे काढूनच द्या. हलवा असो की चंदेरी गोळी, कडक दाणा घशात अडकू शकतो.