'डेअरडेविल' या मार्व्हलच्या मालिकेतल्या खलनायकाला, विल्सन फिस्कला, ते कोरं पांढरं चित्र इतकं प्रिय का असतं? आणि शेवटी त्यावर रक्त उडतं त्याचा अर्थ काय?

आधीच सांगतो, पहिलं आणि तिसरं पर्व पाहिलं नसेल तर पुढे वाचू नका. सगळं फोडणार आहे.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'पांढरं म्हणजे त्याचं एकटेपण, हे तर तो स्वतःच बोलून दाखवतो, मग त्यात वेगळं काय?' बरोबर आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो पहिल्यांदा पडद्यावर येतो तोच मुळी गॅलरीत त्या चित्रासमोर उभा. तोवर आपण त्याचा फक्त आवाज ऐकलेला असतो. त्याचं नाव तोंडातून गेलं म्हणून काही मिनिटांपूर्वीच एका भाडोत्री खुन्यानं स्वतःचा जीव दिलेला असतो, आणि ज्याची एवढी दहशत तो माणूस हात बांधून, थोडा अवघडून, पांढऱ्या कॅनव्हासकडे बघतोय. गॅलरीतली व्हेनेसा, जिच्या तो पुढे प्रेमात पडतो, विचारते, हे पाहून काय वाटतं? तो म्हणतो, एकटं वाटतं. इथपर्यंत पाहिलं की अर्थ सापडला असं वाटतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

पण व्हेनेसा त्याआधी एक विनोद सांगते, तो नीट ऐका. लहान मुलं कोरा कागद दाखवतात आणि म्हणतात, हा हिमवादळातला ससा. त्या भागाचं आणि चित्राचं नावही तेच, 'रॅबिट इन अ स्नोस्टॉर्म'. आपल्याकडे हाच विनोद गाईचा आहे. कोरा कागद दाखवायचा आणि म्हणायचं, गाय गवत खातेय. गवत कुठंय? गाईनं खाल्लं. मग गाय कुठंय? गवत संपल्यावर ती कशाला थांबेल! दोन्हीकडे कागद कोराच, पण फरक मोठा आहे. आपली गाय निघून गेली. त्यांचा ससा अजून तिथेच आहे, फक्त दिसत नाही.

माझ्या मते सगळं उत्तर त्या सशात आहे. फिस्कच्या चित्रात कुणीतरी लपलेलं आहे.

कोण, ते आठव्या भागात कळतं. फिस्क साधारण बारा वर्षांचा. बाप बिल फिस्क नगर परिषदेची निवडणूक लढवायला रिगोलेटो नावाच्या गुंडाकडून कर्ज काढतो, हरतो, आणि सगळा राग घरात काढतो. पोराला खुर्चीवर बसवून भिंतीकडे बघायला लावतो. बघत राहा, आणि तुला कसला माणूस व्हायचंय त्याचा विचार कर, असं सांगून जातो. पोरगं बघत राहतं. मागून पट्ट्याचे फटके आणि आईचं ओरडणं ऐकू येतंय आणि समोर ती खरबरीत, रंग फासलेली भिंत. मग तो उठतो, हातोडी घेतो आणि बापाच्या डोक्यात घालतो. थांबतच नाही. नंतर आई त्याला करवत आणायला सांगते.

आता पुन्हा चित्राकडे बघा. ते सपाट पांढरं नाही. त्यावर जाड रंगाचे फटकारे आहेत, उंचवटे आहेत, पांढऱ्याच्याच कमीजास्त छटा आहेत. म्हणजे ती चक्क भिंत आहे. व्हेनेसा किमतीबद्दल बोलते, छटांबद्दल बोलते, आणि या माणसाला समोर त्याच्या घरातला गिलावा दिसतोय. प्रेमात पडलेला मोठा माणूस आणि शिक्षा भोगणारं पोर एकाच वेळी तिथे उभे आहेत.

म्हणून ते चित्र म्हणजे त्याच्या मनाची पोकळी वगैरे म्हणणं मला पटत नाही. पोकळी असती तर एवढं जपायची गरज काय? मला वाटतं, त्यानं ती भिंत विकत घेतली. ज्या भिंतीकडे बघायला त्याला भाग पाडलं होतं, ती आता त्याच्या मालकीची आहे, त्याच्याच झोपण्याच्या खोलीत आहे आणि तिच्याकडे कधी बघायचं, किती वेळ बघायचं, हे तो ठरवतो. न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचनचंही त्याला हेच करायचंय. जिथे लहानपण गेलं ती वस्ती पाडायची, स्वतःच्या मनासारखी बांधायची आणि तिला 'शहर वाचवणं' म्हणायचं.

कफलिंकांचा, म्हणजे शर्टाच्या बाह्यांना लावायच्या बटणांचा, विषय इथे घ्यायलाच हवा, कारण खलनायकाच्या आवडत्या वस्तूंमध्ये लोक त्याच आधी मोजतात. आठव्या भागाची सुरुवात आठवा. बाखच्या पहिल्या चेलो सूटचं प्रील्यूड वाजतंय, फिस्क ऑम्लेट करतोय, मग ओळीनं टांगलेल्या काळपट सुटांतला एक काढतो, खणातून कफलिंका निवडतो आणि आरशात बघतो तर रक्तानं माखलेला तो पोरगा उभा. त्या कफलिंका बापाच्या आहेत. आपण क्रौर्यासाठी क्रौर्य करत नाही, आपण बाप नाही, याची आठवण राहावी म्हणून त्या घालतो, असं तो व्हेनेसाला सांगतो.

ऐकायला किती छान! पण याच माणसानं चार भाग आधी एका रशियन गुंडाचं डोकं गाडीच्या दारात चेपून काढलेलं असतं, आणि कारण काय, तर तो व्हेनेसाबरोबरच्या जेवणात मध्येच आला. म्हणजे कफलिंका ही त्याची तयार कैफियत आहे. कुणी विचारलंच तर देण्याजोगं उत्तर. चित्राबद्दल मात्र त्याच्याकडे असं घोटलेलं वाक्य नाही. 'एकटं वाटतं' एवढंच कसंबसं बाहेर पडतं. म्हणून मी कफलिंकांपेक्षा चित्रावर जास्त विश्वास ठेवतो. आठव्याच भागाच्या शेवटी व्हेनेसा त्याला वेगळा सूट, वेगळ्या कफलिंका निवडून देते आणि आरशातून ते पोर जातं. कफलिंका बदलता आल्या. चित्र जागचं हललं नाही.

पहिल्या पर्वात फिस्कची गोष्ट कुठे संपते तेही बघा. फिस्क तुरुंगात, पलंगावर बसलेला, समोर पांढरी भिंत. चित्र गेलं आणि मूळ वस्तू परत मिळाली. मला हा शेवट त्या पर्वातल्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा जास्त आवडतो.

तिसऱ्या पर्वात (२०१८) लेखकांनी याच वस्तूला उलटं करून दाखवलं. फिस्क एफबीआयचा खबऱ्या बनून तुरुंगातून हॉटेलच्या पेंटहाऊसमध्ये येतो. परदेशात लपलेल्या व्हेनेसासाठी घर सजवायचंय, म्हणून चित्र हवंय. शोध घेतल्यावर कळतं की ते आता एस्थर फाल्ब नावाच्या वृद्ध ज्यू बाईंकडे आहे. नाझींनी त्यांच्या कुटुंबाकडून ते लुटलं होतं आणि इतक्या वर्षांनी त्यांना परत मिळालंय. फिस्क स्वतः त्यांच्या घरी जातो. बाई घाबरत नाहीत. तुझ्यासारख्याच माणसांनी माझी माणसं नेली, असं तोंडावर सुनावतात. गेलेल्या माणसांशी जोडणारं एवढं एकच उरलंय, ते देणार नाही, म्हणतात. आणि फिस्क चित्र तिथेच सोडून परत येतो.

इथे मालकीची ती कल्पना कोसळते. जी भिंत 'माझी' म्हणून घेतली ती आधीच कुणाची तरी होती, आणि त्यांच्या हातातून तशाच दांडगाईनं ओढली गेली होती जशी दांडगाई फिस्क रोज करतो. एकाच पांढऱ्या कापडात त्याला बापाचं घर दिसतं आणि बाईंना त्यांची गेलेली माणसं. आपल्या गाईच्या विनोदाकडे परत जायचं तर बाईंचा कागद तो आहे. होतं ते सगळं गेलं. फिस्कचा ससा मात्र जागचा हलत नाही.

काहींना हा भाग ओढूनताणून वाटतो. नाझी काळात कुणाच्या घरात कोरं पांढरं चित्र असेल, असा प्रश्न कुणीतरी विचारतोच. असू शकतं. काझिमिर मालेविचनं पांढऱ्यावर पांढरा चौकोन १९१८ सालीच रंगवला होता. १९२७ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनासाठी तो आपली चित्रं घेऊन गेला आणि परतताना ती जर्मनीतच ठेवून गेला. पुढे नाझी सत्तेवर आले, आणि असली कला त्यांच्या लेखी विकृत होती. ते पांढरं चित्र १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आलं. तेही सरळपणे नाही. मालेविचच्या वारसांनी हक्क सांगितला आणि १९९९ मध्ये संग्रहालयाला त्यांच्याशी करार करावा लागला, तेव्हा कुठे त्याची मालकी पक्की झाली. हे संग्रहालय मॅनहॅटनच्या ५३व्या रस्त्यावर आहे, हेल्स किचनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मालिकेतल्या चित्राचा मालेविचशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण पांढऱ्या चित्रामागे एवढा इतिहास असू शकतो, हे त्या गावातल्या माणसाला नवीन नाही.

आता पुढचं. फिस्कनं सोडलेलं चित्र डेक्स, म्हणजे त्यानं आपल्या बाजूला वळवलेला एफबीआय एजंट, त्या बाईंचा खून करून मिळवतो आणि फिस्क-व्हेनेसाच्या लग्नाची भेट म्हणून आणून देतो. मला ही जागा थोडी घाईची वाटली. बाईंना दोन दृश्यांत आणून मारून टाकलं, जणू चित्र पेंटहाऊसमध्ये पोचवायला एक खून हवाच होता. पण अर्थाच्या दृष्टीनं ते बरोबर बसतं. फिस्कला एकदाच कुणाचं तरी दुःख स्वतःच्या दुःखाएवढं मोठं वाटलं होतं, आणि त्यानंच उभी केलेली यंत्रणा तेवढंही टिकू देत नाही. याच पर्वात तो काळे सूट सोडून पांढऱ्या सुटात येतो. कॉमिक्समधला किंगपिन, म्हणजे हाच फिस्क, तसाच दिसतो म्हणून, हे खरंच. पण आधी भिंतीकडे बघायचा, मग ती विकत घेतली, आता अंगावर घातलीय, असंही वाचता येतं.

तुमचा दुसरा प्रश्न, रक्ताचा. शेवटच्या मारामारीत मॅट मर्डॉक, म्हणजे स्वतः डेअरडेविल, त्याला बदडतो आणि फिस्कचं रक्त चित्रावर उडतं. 'त्याच्या शुद्धतेवर अखेर डाग पडला' असा अर्थ बरेच जण लावतात. मला तो चुकीचा वाटतो. शुद्धता तिथे कधी नव्हतीच. ज्या भिंतीची ती नक्कल आहे तिच्यासमोरच बापाचं रक्त सांडलं होतं. म्हणजे चित्रावर रक्त उडालं तेव्हा ते पहिल्यांदा मूळ खोलीसारखं दिसायला लागलं. फक्त या वेळी हातोडीच्या जागी मॅटच्या मुठी आहेत आणि खाली पडलेल्या बापाच्या जागी विल्सन आहे. मारणाराही एका बापाचा पोरगाच आहे, बॉक्सर जॅक मर्डॉकचा, आणि त्यालाही त्या क्षणी थांबायचं नसतं. तो थांबतो, बारा वर्षांचा विल्सन थांबला नव्हता.

आणखी एक गोष्ट. मॅट आंधळा आहे. त्याला ते चित्र दिसतच नाही. त्याच्यासाठी ते वाळलेल्या रंगाचा वास असलेलं भिंतीवरचं कापड, आणि आता त्याला ताज्या रक्ताचाही वास. ज्या वस्तूवर फिस्कनं एवढा जीव टाकला, तिचा अर्थ त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक आहे, त्याला आणि व्हेनेसाला. पुन्हा बघणार असाल तर पहिल्या पर्वाचा आठवा भाग संपवून लगेच तिसऱ्याचा शेवटचा लावा, मधलं सगळं सोडून. पोरगं, हातोडी, भिंत हे डोक्यात ताजं असताना ती मारामारी फार वेगळी दिसते.