स्क्रू माझ्या हातात, मग कुलपाची किल्ली कंपनीकडे का?

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला राहते. 2020 मध्ये घेतलेला फेअरफोन 3 (सुटे भाग घरी बदलता येतील असा बनवलेला डच कंपनीचा फोन) अजून वापरते. बॅटरी बदलली, चार्जिंगचा भागही मीच घरी बदलला. कंपनीचे अपडेट कधीतरी थांबणारच, म्हणून त्यावर ई ओएस किंवा लिनिएजओएस (अँड्रॉइडवरच बेतलेल्या, कंपनीबाहेरच्या लोकांनी केलेल्या सिस्टीम) टाकावं म्हणते. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो. मिस्टर म्हणतात, बँकेचं ॲप बंद पडेल, नसती उठाठेव करू नकोस. फोनचा सोर्स कोड, म्हणजे त्यातल्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागायचा मला हक्क आहे का? आणि फोन माझा असताना कुलूप उघडायला कंपनीचा कोड का लागतो?

उत्तर : ताई, चार्जिंगचा भाग घरी बदललात हे वाचून फार बरं वाटलं. पण फोनचं आयुष्य नुसत्या सुट्या भागांवर ठरत नाही. याच कंपनीचा 2013 मधला पहिला फेअरफोन माझ्या बहिणीकडे ॲमस्टरडॅमला होता. काच शाबूत, बटणं ठणठणीत, पण फोन अँड्रॉइड 4.2 वरच अडकलेला. आतली चिप मीडियाटेकची होती आणि पुढच्या आवृत्तीसाठी लागणारा चिपचा कोड कंपनीला नीट हाती लागला नाही. 2017 मध्ये त्या फोनची साथ संपली. याउलट 2015 चा फेअरफोन 2 बघा. क्वालकॉमने त्या चिपकडे पाठ फिरवल्यावरही तो अँड्रॉइड 10 पर्यंत पोचला आणि 2023 पर्यंत अपडेट घेत राहिला. कोड हाती असला की असा फरक पडतो. म्हणून सोर्स कोड हासुद्धा मी सुटा भागच मानतो.

आता हक्काचं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आहे आणि त्याचा परवाना जीपीएल 2, म्हणजे प्रोग्रॅम देणाऱ्याने मूळ कोडही द्यावा असा मुक्त परवाना. कर्नल घातलेला फोन विकणाऱ्याने त्या कर्नलचा सोर्स द्यायलाच हवा, मग कंपनी कोणतीही असो. फेअरफोनने तो आपल्या संकेतस्थळावर ठेवलेला आहे, तुम्हाला अर्ज करायची गरज नाही. पण मोडेमचं (नेटवर्क जोडणाऱ्या भागाचं) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, आणि कॅमेऱ्याचे काही भाग चिपवाल्यांचे, बंद पेटीतले. ते जीपीएलखाली येत नाहीत. ‘पूर्ण मोकळा फोन’ असं कुणी म्हणालं, तर एवढं ध्यानात ठेवा.

कुलपाला कारण आहे. फोन चोरीला गेला तर चोराने दुसरी सिस्टीम घालून आत शिरू नये, म्हणून बूटलोडर बंद असतो. ते मला पटतं. मात्र मालकाला किल्ली मिळालीच पाहिजे, यावर मी ठाम आहे. इथे ती फुकट मिळते: *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा, तो आणि सिरियल नंबर कंपनीच्या पानावर भरा, कोड मिळेल. मग सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलंत की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ला तो कोड द्यायचा. पुढचं काम कॉम्प्युटरला केबल जोडून फास्टबूट नावाच्या प्रोग्रॅमने.

पण त्याआधी थांबा. अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि ते मुद्दामच तसं केलेलं आहे. माझ्या आत्याने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, मी त्या फोनच्या रेकॉर्डरवर घेतलेल्या. फोटो क्लाउडवर जात होते, म्हणून रेकॉर्डिंगंही जात असतील असं मी धरून चाललो. ती जात नव्हती. फोन अनलॉक केला आणि ओव्या गेल्या. आत्या आता नाही. म्हणून कळवळून सांगतो, रेकॉर्डर, डाउनलोड, व्हॉट्सॲप ही फोल्डरं एकेक उघडून बघा आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. उतरवल्यावर दोन-तीन फाइली वाजवूनही बघा.

मिस्टरांची शंका रास्त आहे. काही बँकांची ॲपं बूटलोडर उघडा दिसला की चालतच नाहीत. भारतातल्या यूपीआय ॲपांचाही तोच त्रास. तुमच्या बँकेचं ॲप चालतं का, हे त्याच फोनवर ई ओएस वापरणाऱ्या कुणाला तरी आधी विचारा. घरात दुसरा जुना फोन असेल तर बँक त्यावर ठेवा. ई ओएस टाकून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, पण नव्या सिस्टीमचा सिक्युरिटी पॅच (सुरक्षेची शेवटची दुरुस्ती) आधीच्यापेक्षा जुन्या तारखेचा असेल तर बंद करू नका, फोन सुरूच होणार नाही. दोन्ही तारखा कागदावर लिहून ताडून बघा.

आणि बूटलोडर उघडा ठेवलात, तर फोन सुरू होताना दर वेळी इशारा दिसेल. घाबरू नका, काही सेकंदांत तो पुढे जातो.