खोलीतले जागे तास

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मुली,

तुझा मेसेज मिळाला. सात हॉटेलं, सात दर आणि खाली एकच ओळ : ‘काका, एवढ्या पैशाचं आहे का हो ते?’ बाबा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होतायत, त्यांना आणि आईला मुंबईत एक रात्र चांगल्या हॉटेलात ठेवायचं, हे तू ठरवलंयस. ते करावं की नाही यावर मी शाई दवडणार नाही. ज्या माणसाच्या हाताखालून आयुष्यभर नव्याकोऱ्या नोटा गेल्या आणि जो स्वतःची शंभराची मोडताना दोनदा खिसा चाचपतो, त्याच्यासाठी करायचंच.

पण तू दर विचारतेस, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. माझ्या हाताखाली पर्चेसमध्ये, म्हणजे कंपनीच्या खरेदी खात्यात, दोन वर्षं काढलीस ना? कोटेशनवरचा आकडा हा भाव नसतो, हे किती वेळा सांगितलं? लँडेड कॉस्ट काढ, म्हणजे कर-बिर धरून शेवटी हातात पडते ती किंमत. 24 हजारांची खोली, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 28,320. खोली 7,500 पर्यंत असली तर कर 5 टक्के, त्याच्यावर गेली की 18. म्हणजे 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. दोनशेच्या फरकाचे बाराशे होतात. अशा महागड्या हॉटेलातल्या जेवणावरही 18 टक्के लागतात, बाहेरच्या साध्या हॉटेलात 5. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांग, तो सक्तीचा नाही. दिल्ली हायकोर्टाने 2025 च्या मार्चमध्ये तेच म्हटलंय. लाजू नकोस.

आता खरा हिशेब. खोलीत जागे तास किती?

चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट दुसऱ्या दिवशी बाराला. पैसे दिवसाचे, हातात तास बावीस. आठ झोपेचे गेले, उरले चौदा. आता तू आखलेला कार्यक्रम बघ : सामान टाकून गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, रात्री बाहेर जेवण, सकाळी सातला सिद्धिविनायक. खोलीत जागे तास उरतात तीन. तासाला 9,440 रुपये! याला मी हो म्हणू? त्यापेक्षा दादरच्या साध्या लॉजवर राहा, पाठ टेकायला गादी तिथेही असते. आणि चौदाच्या चौदा तास आत काढलेस तर तोच भाव दोन हजारांवर येतो. खोली तीच, चादर तीच. म्हणून सांगतो, जागे तास मोज. रिव्ह्यू वाचत बसू नकोस. ‘स्टाफ विनम्र होता’ असं लिहिणारे निम्मे लोक कंपनीच्या पैशाने गेलेले असतात. मीही त्यातलाच होतो, म्हणून सांगतो.

अंबडच्या कंपनीच्या खर्चाने मी चांगल्या हॉटेलांत कितीतरी रात्री काढल्या. काकू एकदाच म्हणाली, ‘त्या खिडकीतून दिसतं तरी काय?’ लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिला घेऊन गेलो. समुद्राकडची खोली, जास्तीचे पैसे मोजून. आणि मग पैसे वसूल करायचे म्हणून तिला दिवसभर मुंबई फिरवली : महालक्ष्मी, दादरची खरेदी, नातेवाइकांकडे जेवण. रात्री साडेअकराला खोलीत. सकाळी सहाला गाडी गाठायला निघालो. पडदा उघडलाच नाही. समुद्र पडद्यामागेच राहिला आणि मी त्याचे पैसे भरले होते. तिथला साबण अजून कपाटात आहे, कागदासकट.

काकूला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘मला मजा आली होती. सकाळी पांघरूण घडी न करता निघाले, जन्मात पहिल्यांदा.’ असेल. तरी माझा हिशेब चुकत नाही. त्या वेळी पोरांच्या फिया होत्या, घराचा हप्ता होता. एवढा खर्च केल्यावर माणूस बसून राहणार कसा? बसवत नाही. तेच तर सांगतोय, मुली : ज्याला बसवत नाही त्याने ती खोली घेऊ नये. बाबांना बसवेल का, हे तुला माहीत.

ताजचं म्हणशील तर तिथे इमारती दोन. घुमटाची जुनी 1903 ची, शेजारचा टॉवर 1973 चा. स्वस्त दर दिसला की तो बहुधा टॉवरचा असतो. बाबांनी आयुष्यभर फोटोत पाहिलंय ते जुनं. नुसतं नाव बघून बुक केलंस तर मुकाट्याने ‘छान आहे’ म्हणतील, आणि तुला कधीच कळणार नाही.

इथे गंगापूर धरणाकडे ठेवायचं म्हणतेस तर शनिवार-रविवार सोड. वाइनरीला येणारी मुंबई-पुण्याची गर्दी त्या दोन दिवसांचे दर चढवते. मुंबईत कचेऱ्यांच्या भागातल्या हॉटेलांचं साधारण उलट असतं. पण बाबांना धरण काय दाखवायचं? ते तिथे स्कूटरवरून शंभरदा गेलेत.

सिद्धिविनायक काढून टाक. पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर अकराच्या आसपास सीएसएमटीला पोचाल, खोली दोनला मिळेल. म्युझियम त्या मधल्या वेळात उरकून घ्या, सामान हॉटेलवाले ठेवून घेतात. दोननंतर कुठेही नाही. नाश्त्यासकटचा दर घे, म्हणजे बाबा मेनूतला उजवा रकाना वाचत बसणार नाहीत. आई चिवडा नेईलच, नेऊ दे. परतीला संध्याकाळची पंचवटी, म्हणजे बारा वाजेपर्यंत कुणी हलायचं नाही.

बिल आधीच भर आणि बाबांना आकडा सांगू नकोस. रिसेप्शनला सांग, पडदे उघडे ठेवा म्हणून.

तुझा,
पर्चेसवाला काका